पुष्पाच्या वाट्याची मासोळी

चंदाचं लग्न लाखनीत झालं ते २०२२ साल. त्या लग्नातूनच आमच्या घरी कुत्री आली. चंदा म्हणजे माझी नात, धनंजयची मुलगी. मांडवामागे आचाऱ्यांच्या भट्ट्या पेटल्या होत्या. तिथे राखेच्या ढिगाला टेकून एक पिल्लू बसलं होतं. बाकीची पिल्लं उष्ट्या पत्रावळींवर तुटून पडली होती, हे एकटंच बसून होतं. माझी बायको पुष्पाबाई नातीची पाठवणी बघवत नाही म्हणून डोळे पुसत मागच्या बाजूला गेली, आणि परत आली तेव्हा तिच्या पिशवीत ते पिल्लू होतं.

एसटीत कंडक्टरनं विचारलं, "पिशवीत का हाय आजी?"

"लग्नातले लाडू होय," पुष्पा म्हणाली.

तेवढ्यात पिशवी कुईकुई करायला लागली. कंडक्टर म्हणाला, "लाडू तं रडून राहिले जी. त्याईलेबी माहेर सुटलं का?"

सगळी गाडी हसली. पुष्पाही हसली. सकाळपासून ती पहिल्यांदा हसली होती, म्हणून मी पिल्लाबद्दल काही बोललो नाही.

आमचं गाव कारध्याच्या अलीकडे आहे. वैनगंगेचा पूल ओलांडला की भंडारा. घरी आम्ही दोघंच. धनंजय पुण्याला कंपनीत आहे आणि आता तिकडचाच झाला आहे. घरात तिसरा जीव आला, याचं मलाही बरं वाटलं. पण पिल्लू काही वाढेना. वर्ष झालं तरी मांजराएवढंच. म्हणून नाव पडलं बुटी.

बुटी पेज प्यायची, ताकभात खायची. मासोळी मात्र तिच्या वाट्याला कधी आली नाही, कारण पुष्पा मासोळीच्या बाबतीत कोणाची नव्हती. पुलाजवळच्या बाईकडून मासोळ्या आणायच्या, जवस वाटून घट्ट रस्सा करायचा आणि मग भिंतीला पाठ लावून, पाय पसरून खायला बसायचं. मुंडकं तोंडात घालून शेवटचा थेंब ओढून घ्यायची. काटे चावून चावून त्यांचा भुगा करायची. बुटी समोर बसून लाळ गिळत राहायची.

"का पाहून राहिली वं?" पुष्पा तिला म्हणायची. "तुह्या मायनं आणली होय का?"

दोन हिवाळे असे गेले. दुसऱ्या हिवाळ्यात पुष्पाचं डोकं जड राहायला लागलं. एका सकाळी चुलीपाशी ती तिरपी झाली. उजवा हात लुळा पडला, बोलणं गेलं. भंडाऱ्याच्या डॉक्टरांनी जेवढं होतं तेवढं केलं. मग म्हणाले, घरी न्या, औषधं चालू ठेवा.

घरी आल्यावर ती हळूहळू धरून धरून उठायची आणि सैपाकघरात जायची. दाराच्या डाव्या हाताला मातीची भिंत आहे. त्या भिंतीला कपाळ टेकून उभी राहायची. भिंत गार लागत असेल. मी जवळ जाऊन विचारायचो, "का होते?" ती तशीच मान वळवायची, माझ्याकडे बघायची आणि ओठ हलवायची. आवाज यायचा, शब्द यायचा नाही. तिला मला काहीतरी सांगायचं होतं एवढं मला समजत होतं. मला वाटायचं, येईल एक-दोन दिवसांत जिभेवर. मग ती गेली.

तेरवी झाली. आले ते सगळे परतले. धनंजय म्हणाला, "बाबा, चला पुण्याले." मी म्हणालो, धान निघू दे, मग बघू. धान निघालं, विकलं, मी काही गेलो नाही. त्याच्या घरी नवव्या मजल्यावर मी काय करणार होतो?

काही घरांत अमावस्येला मासे-मटण चालत नाही. आमच्या घरची रीत वेगळी आहे. माणूस गेल्यावर वर्षभर दर अमावस्येला त्याच्या आवडीचं रांधायचं आणि पळसाच्या पानावर अंगणात वाढायचं. कोणत्यातरी जिवंत प्राण्यानं ते खाल्लं की त्या माणसाला पोचलं. आईचं पान कावळ्यानं खाल्लं होतं, वडिलांचं गाईनं. पहिल्या अमावस्येला मी मासोळ्या आणल्या. रस्सा मला तिच्यासारखा जमला नाही, पण केला. पान वाढून ओसरीत बसलो. कावळा आला नाही. बुटी आली. मी तिला हाकललं नाही. तिनं पान चाटून पुसून घेतलं, काट्यांसकट.

दुपार कलली तेव्हा शेजारच्या ताराबाई आल्या. ताराबाई म्हणजे माझ्या चुलतभावाची विधवा, नात्यानं वहिनी. अंगणात पाय टाकताच त्या थांबल्या.

"भाऊजी, इले का झालं?"

बुटी भिंतीच्या कडेकडेनं चालत होती. अंगणाचा एक फेरा झाला की दुसरा. डोळे उघडे, पण त्यांत बघणं नव्हतं. पाय असे पडत होते जणू जमीन कुठे आहे ते तिला माहीत नाही. फिरत फिरत ती घरात शिरली, सैपाकघरात गेली आणि दाराच्या डाव्या हाताच्या भिंतीला कपाळ लावून उभी राहिली. तोंडातून लाळ गळत होती.

मी हाक मारली, "बुटी." तिचा कानही हलला नाही.

ताराबाईंनी तोंडावर पदर घेतला. "भाऊजी," त्या हळूच म्हणाल्या, "हे बुटी नोहोय."

 माझ्याही मनात तेच आलं होतं, त्यांच्या आधी.

दुसऱ्या दिवशी बुटी पहिल्यासारखी झाली, जरा मलूल होती एवढंच. मी पुढच्या अमावस्येची वाट बघायला लागलो. पुढच्या अमावस्येला तेच झालं. त्याच्या पुढच्याही. मग मला अमावस्येपर्यंत थांबवेना. कारध्याला कामानिमित्त गेलो की मासोळ्या घेऊन यायचो. पान वाढायचो, बुटी खायची, आणि मग मी सैपाकघराच्या उंबऱ्यावर बसून राहायचो. ती येऊन भिंतीला कपाळ लावायची आणि मी बोलायला सुरुवात करायचो. रोवणी झाली. या वर्षी मोठ्या बांधीत बारीक धान लावलं. बैलजोडी विकली, तुला विचारायला पाहिजे होतं, पण ढवळ्याचा पाय गेला होता. धनंजयनं नवीन गाडी घेतली, लाल रंगाची, तुला आवडली नसती.

सगळं सांगून झालं की विचारायचो, "तुले का सांगायचं होतं वं?"

घरात दुसरा आवाज नसायचा. लाळेचे थेंब सारवलेल्या जमिनीवर पडायचे, तेवढेच दिसायचे.

ताराबाईही कधीकधी येऊन बसायच्या. त्यांची आपली वेगळीच चौकशी होती. पुष्पानं चंदाच्या लग्नाआधी त्यांचा पितळेचा गंज नेला होता आणि परत दिला नव्हता. भंडाऱ्याच्या जुन्या दुकानातलं, जाड बुडाचं पातेलं.

"पुष्पे," त्या बुटीच्या कानाशी वाकून म्हणायच्या, "माहा गंज कोठी ठेवला वं? सांगून टाक ना माय."

बुटी भिंतीला तशीच. ताराबाई उठताना गुडघ्यावर हात ठेवायच्या आणि म्हणायच्या, "चेंगट ते चेंगटच. तिकडं जाऊनबी भांडं सोडून नाही राहिली."

मला हसू यायचं. त्या वर्षात मी हसलो असेन तर ताराबाईंच्या त्या गंजामुळे.

दिवाळीनंतर चंदा आली, नवरा निकेश याच्याबरोबर. त्याचं लाखनीला मोबाईल दुरुस्तीचं दुकान आहे, पोरगा शांत आहे. नेमकं त्या सकाळी मी पान वाढलं होतं. चंदा पिशवी ठेवायला सैपाकघरात गेली आणि ओरडत बाहेर आली.

"आबाजी, बुटीले का झालं? फिट येऊन राहिली तिले!"

"फिट नोहोय ते," मी म्हणालो. "बस इथं. तुही आजी होय."

चंदा माझ्याकडे बघत राहिली. मी तिला सगळं सांगितलं, अमावस्या, पान, भिंत. ती ऐकत होती आणि तिचे डोळे भरून आले. मला वाटलं, तिला आजीची आठवण आली. पण ती आत गेली, बुटीला उचलून घेऊन आली आणि माझ्या मांडीवर ठेवली. बुटीचं अंग थरथरत होतं. काळीज कोंबडीच्या पिल्लासारखं उडत होतं.

"आजी असती आबाजी," चंदा म्हणाली, "तं तिले असं थरथरत उभी ठेवली असती का तुमी?"

मी बुटीच्या तोंडाची लाळ पुसायला लागलो.

त्याच दिवशी निकेशनं ऑटो बोलावला. पूल ओलांडून आम्ही भंडाऱ्याला जनावरांच्या डॉक्टर मॅडमकडे गेलो. त्यांनी बुटीला सलाईन लावलं, काय खाऊ घातलं ते विचारलं, रक्त काढलं. पुढच्या आठवड्यात सोनोग्राफीसाठी नागपूरला पाठवलं. चंदा आणि निकेश दोघंच घेऊन गेले. परत भंडाऱ्याला दाखवायला मीही गेलो. फायलीवर वरच्या बाजूला नाव लिहिलं होतं, ते मी वाचलं. बुटी, मादी. आणखी कोणाचं नाव त्यावर नव्हतं.

मॅडम तरुण होत्या, पश्चिमेकडच्या असाव्यात, बोलणं तिकडचं होतं. त्यांनी मला खुर्ची दिली आणि सावकाश सांगितलं. आपण खातो त्यातलं बरंवाईट सगळं आतड्यांतून रक्तात उतरतं. ते रक्त एका मोठ्या शिरेनं आधी यकृतात जातं. यकृत त्यातलं विष काढून घेतं, मग स्वच्छ रक्त पुढे अंगभर फिरतं. बुटीच्या पोटात जन्मापासून एक जादा शीर आहे. रक्त यकृतात न शिरता त्या शिरेनं बाजूनं निघून जातं आणि तसंच डोक्यापर्यंत पोचतं.

खेकड्यानं शेताचा धुरा, म्हणजे बांध, पोखरला की असंच होतं. पाटाचं पाणी आपल्या बांधीत भरायच्या ऐवजी त्या भोकातून सरळ नाल्याला लागतं, आणि बांधीतलं धान खुजं राहतं. बुटी का वाढली नाही ते मला तिथे बसल्या बसल्या समजलं.

"मासे, मटण यांतून जास्त विष तयार होतं," मॅडम म्हणाल्या. "साध्या कुत्र्याला काही होत नाही. हिला मात्र ते चढतं. भातावर होती तोवर निभावलं."

"भिंतीलेच काहून डोकं लावते?" मी विचारलं.

"त्या वेळी मेंदू सुन्न होतो, बाबा. आपण कुठे चाललोय ते तिला कळत नाही. चालत राहते, आणि वाट संपेल तिथे डोकं टेकून उभी राहते."

"तेच भिंत काहून पण?"

"कुठलीही चालते. इथे आणली तेव्हा माझ्या या कपाटाला टेकली होती, तुम्ही बाहेर औषध आणायला गेला होता."

मी कपाटाकडे बघितलं. लोखंडी, राखाडी रंगाचं कपाट होतं.

"समोर कोण बसलं ते तिले समजते का त्या वेळी?"

"नाही," त्या म्हणाल्या. "त्या वेळी तिला कोणीच ओळखू येत नाही."

ऑपरेशन करतात, पण मोठ्या शहरात, आणि बुटी आता फार थकली आहे, असं त्या म्हणाल्या. औषधावर आणि खाण्यावर ती बरीच वर्षं काढू शकेल. एक गोड पातळ औषध दिलं. भात, थोडं मुगाचं वरण, दही, थोडं थोडं करून दिवसातून चार वेळा. मासे-मटण पूर्ण बंद. निघताना त्यांनी मला पुन्हा थांबवलं. "बाबा, हे झटके वाढत गेलेत. आता पुन्हा मासे पोटात गेले तर ती उठेलच असं मी सांगू शकत नाही."

येताना ऑटोत बुटी माझ्या मांडीवर होती. पुलावर वारा लागला तशी तिनं नाक वर केलं.

मी मासोळ्या आणणं बंद केलं. अमावस्येला पानावर नुसता दहीभात वाढायला लागलो. बुटी सुधारली. तिचा भात शिजवायला वेगळं भांडं पाहिजे होतं, ते शोधताना धानाच्या कोठीमागे ताराबाईंचा गंज सापडला. मी चिंचेनं घासून नेऊन दिला.

"पुष्पाबाईनं सांगतलं?" ताराबाईंनी डोळे मोठे करून विचारलं.

"नाही. कोठीमागं होता."

त्यांचा चेहरा जरा पडला, गंज मिळूनही.

बुटी आता भुंकायला लागली. त्याआधी ती भुंकल्याचं मला आठवत नाही. कोंबड्यांमागे धावायची. मी शेतातून आलो की वळणावरूनच ओळखून पळत यायची. बुटी म्हटलं की दोन्ही कान उभे करायची. सगळं कुत्र्यासारखं करायची. मी संध्याकाळी उंबऱ्यावर बसायचो, सवयीनं सैपाकघराच्या भिंतीकडे तोंड करून, आणि ती माझ्या पायाशी जोडा चावत बसायची. भिंतीपाशी कोणी यायचं नाही. मला सांगायला गोष्टी होत्या. चंदाला दिवस गेले होते. पण त्या जोडा चावणाऱ्या कुत्रीला काय सांगणार? थंडी पडली, दिवस लहान झाले, आणि मी दिवसभरात ताराबाईंशी बोललो नाही तर कोणाशीच बोललो नाही असे दिवस जायला लागले.

एकदा मी पुलाजवळच्या बाईसमोर उभा राहिलो होतो. तिनं मासोळ्या तागडीत टाकल्यासुद्धा. मी न घेता परत फिरलो. ती मागून म्हणाली, "का बाबाजी, उपास धरला का?"

पौषाच्या अमावस्येला ताराबाई सकाळीच आल्या. हातात तोच गंज होता आणि गंजात मासोळ्या, साफ करून, हळद-मीठ लावून.

"किती दिवस दहीभात चारता तिले?" त्या म्हणाल्या. "जन्मभर जिनं मुंडकं सोडलं नाही ते दहीभात खाईन का? डॉक्टरीण पोरगी हाय, तिले आपल्या घरचं का समजते? रांधा."

मी मासोळ्या घेतल्या. जवस वाटला. त्याच गंजात रांधलं. या वेळी रस्सा बरा झाला, वास तसाच आला, तिचा असायचा तसा. दुपारी पळसाचं पान मांडलं, भात वाढला, रस्सा वाढला, मुंडकं मधोमध ठेवलं. ओसरीत येऊन बसलो आणि आकाशाकडे बघत राहिलो. एक तरी कावळा यावा असं मला वाटत होतं. शेजारच्या कडुनिंबावर एक होता. काव काव करून तो नदीकडे उडून गेला.

बुटी उन्हात झोपली होती. वास आला तशी उठली. एकदा माझ्याकडे बघितलं, शेपटी हलवली आणि पानाकडे चालायला लागली.

मी तिला लगेच हाक मारली नाही, हे खरं आहे. माझ्या डोळ्यांसमोर भिंत होती. थोड्या वेळानं ती येईल, कपाळ टेकून उभी राहील. मी चंदाचं सांगेन. कदाचित आज काही बोलेल. बुटीचं तोंड पानापासून वीतभर राहिलं होतं.

"बुटी," मी म्हणालो.

दोन्ही कान उभे करून तिनं मागे बघितलं. तिनं मला ओळखलं होतं. भिंतीपाशी उभी असताना त्या डोळ्यांनी मला कधीच ओळखलं नव्हतं. मी किती बोललो होतो, आणि कोणाशी?

मी उठलो, तिला उचलून काखेत घेतलं आणि पान घेऊन ओसरीच्या भिंतीपाशी बसलो. आमच्या घरात गेलेल्या माणसाचं पान घरच्या माणसानं खायचं नसतं. मी भिंतीला पाठ लावली, पाय पसरले, आणि पहिला घास घेतला. मुंडकं तोंडात घालून ओढलं. काटे चावले. दातांनी होईनात तेवढे भातात कालवून गिळले. काखेतून उतरवलेली बुटी समोर बसून लाळ गिळत होती.

"का पाहून राहिली वं?" मी तिला म्हणालो. 

कुंपणाच्या पलीकडून ताराबाईंनी विचारलं, "भाऊजी, कोण आलं पानावर?"

"मी."

"तुमी?" त्या कुंपणाचं फाटक लोटून लगबगीनं आत आल्या. "अजी, असं कोठी असते का? ते पुष्पाबाईचं होय!"

"पुष्पाबाई मेली, वहिनी."

इतके महिने मी हा शब्द वापरला नव्हता. गेली म्हणायचो. ताराबाई उभ्याच राहिल्या. मग गुडघ्यावर हात ठेवून माझ्यासमोर जमिनीवर बसल्या.

"मले ठाऊक नाही का जी?" त्या म्हणाल्या. "मीच तं तिले आंघोळ घातली."

 बुटीनं माझ्या गुडघ्यावर हनुवटी टेकवली. ताराबाईंनी पानाकडे बघितलं, नाक पुसलं, आणि हात पुढे केला.

"मुंडके खाल्ले का सगळे? मले एकबी नाही ठेवलं?"

गंजात आणखी दोन होती. मी आणून दिली. आम्ही दोघांनी ती संपवली. काट्यांचा भुगा उरला, तो मी परसात खड्डा करून पुरला, वर दगड ठेवला. मग बुटीला दहीभात दिला.

ती जिवंत आहे. आताही दारात आहे.

माझी बायको पुष्पाबाई २०२४ साली, महाशिवरात्रीच्या दुसऱ्या दिवशी, शनिवारी सकाळी, आमच्या राहत्या घरी मेली.